उभी गाडी आधी का सडते?

बहुतेक गावांत अशी एखादी पिकअप सापडते. घरामागं कडुनिंबाखाली उभी, टायर जमिनीत रुतलेले, हौद्यात पालापाचोळा कुजलेला. मालक मात्र ठामपणे सांगतो, "फक्त नव्वद हजार किलोमीटर चाललीय." त्याच गावात त्याच सालची, त्याच बनावटीची दुसरी पिकअप रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला जाते. तिनं चार लाख किलोमीटर कधीच ओलांडलेत आणि ती पहिल्या सेल्फला सुरू होते. जी कमी चालली ती मोडकळीला आली आणि जी राबली ती ठणठणीत राहिली, हे कसं?

झीज आणि सड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी चालली की झिजते आणि उभी राहिली की सडते. झीज ठरलेल्या जागी होते: ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, बेअरिंग, बुश. तो भाग काढला, नवा घातला, काम झालं. सड एकाच वेळी सगळीकडे सुरू असते आणि बहुतेक वेळा डोळ्यांआड असते. रोज चालणाऱ्या गाडीचं इंजिन तापतं तेव्हा तेलात शिरलेली ओल उडून जाते. ब्रेकचे ड्रम तापून कोरडे होतात, टाकीतलं डिझेल बदलत राहतं, बॅटरी भरत राहते, वाऱ्यानं चॅसीच्या सांदी सुकतात. उभ्या गाडीच्या वाट्याला यातलं काही येत नाही.

म्हणून घरच्या अंगणात, हातात थोडे पैसे असताना जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर प्रत्येक भागापाशी एकच प्रश्न घेऊन जायचं: इथं पाणी कुठून आलं आणि कुठं थांबलं? हे कळलं की कुठं पैसे घालायचे आणि कुठं नुसते हात चालवायचे, ते आपोआप ठरत जातं.

घरच्या अंगणाला झेपणारी गाडी

प्रत्येक जुनी गाडी घरी दुरुस्त होण्याजोगी नसते. महिंद्राच्या जुन्या पिकअप, ज्यांत प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असे, किंवा टेल्कोनं १९८८ साली पुण्याच्या कारखान्यातून आणलेली टाटामोबाइल २०६ आणि तिच्या पुढच्या २०७, या मात्र खास अंगणातल्या कामाच्या गाड्या आहेत. त्यांची चॅसी शिडीसारख्या बांधणीची, स्वतंत्र असते. वरची केबिन आणि हौदा नटबोल्टांनी बसवलेला असतो, म्हणजे चार माणसं लावून हौदा उचलून बाजूला ठेवता येतो. मागं पाट्यांचं सस्पेन्शन. डिझेल पंप यंत्रावर चालणारा, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बिघाड कुठं आहे ते पान्हा, टेस्ट लॅम्प आणि एका साध्या मल्टिमीटरनं शोधता येतं.

दुसरा मोठा फायदा सुट्या भागांचा. ही इंजिनं जीप, टॅक्सी, टेम्पो अशा अनेक गाड्यांत वापरली गेली, त्यामुळं गॅस्केट, व्हील सिलिंडर, हीटर प्लग तालुक्याच्या दुकानातही मिळून जातात. मिळालं नाही तर मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आहे. एखादा भाग घडवूनच घ्यायचा झाला तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवाले आणि ओतकामवाले आहेत. स्वस्तात दुरुस्ती करायची तर गाडी दुर्मीळ नसावी, हा माझा पहिला आग्रह. दुर्मीळ गाडीची एक काच शोधण्यात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात सामान्य पिकअपचे सगळे ब्रेक नवे होतात.

गंज दिसतो बाहेर, खातो आत

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पत्रा सगळीकडं सारखा का गंजत नाही, हे शाळेत सहसा येत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेच कळायला हवं.

ओल्या लोखंडावर एक अतिशय छोटं विजेचं मंडळ तयार होतं. एका जागी लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतो आणि पाण्यात विरघळतो. ते इलेक्ट्रॉन धातूमधून वाहत शेजारच्या जागी पोचतात. तिथं पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना घेतो. दोन्हींच्या संयोगातून पुढं तांबूस, ठिसूळ गंज बनतो. मंडळ पुरं व्हायला पाण्यातूनही विजेची वाट लागते. शुद्ध पाणी वीज कमी वाहतं, मीठ विरघळलेलं पाणी पुष्कळ वाहतं. म्हणून खताची पोती वाहिलेला किंवा मासळीचं बर्फाचं पाणी मुरलेला हौदा इतर हौद्यांच्या आधी जातो. पोटॅश खत म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, जेवणातल्या मिठाचंच भावंड.

आता यातली आश्चर्याची गोष्ट. ज्या जागी ऑक्सिजन भरपूर पोचतो ती जागा इलेक्ट्रॉन घेणारी ठरते आणि जिथं ऑक्सिजन कमी पोचतो ती जागा इलेक्ट्रॉन देणारी, म्हणजे विरघळणारी ठरते. म्हणजे उघड्या पत्र्यावर पडलेलं पाणी जितकं नुकसान करतं, त्याहून कितीतरी जास्त नुकसान चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या जोडाच्या फटीत, रबराच्या पट्टीखाली अडकलेली ओल करते. तिथं हवा पोचत नाही आणि पाणी सुकतही नाही. मडगार्डच्या कडा, दाराची खालची घडी, पायरीच्या आतली पोकळी, हौद्याचा तळ जिथं आडव्या पट्ट्यांवर टेकतो ती रेघ: पिकअप सडते ती नेमकी इथं. भर म्हणजे गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. फटीत तयार झालेला गंज दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत जातं. रंगाखाली दिसणारा फुगवटा हाच. दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा चाळणी झालेला असतो.

चौकट : घेण्याआधी

पत्रा बघू नका, चॅसी बघा. हौद्याचा पत्रा नवा घालता येतो. सडलेली चॅसी घरी नीट करता येत नाही आणि करू नये. चॅसीवर हातोडीनं हलके ठोके देत जा. निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. शंका आली तर जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. मग टेप घेऊन चॅसीवरच्या चार सममित बिंदूंमधले दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत लक्षात येण्याजोगा फरक निघाला तर गाडीला कधीतरी मोठा अपघात झालेला आहे.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा. आरसी रद्द झालेली नसावी. खासगी नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नंतर ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या आणि ८ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. १५ वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करावी.

गंज काढायचा कसा

मोठ्या पृष्ठभागावर वायर ब्रश, खरवडणी आणि पॉलिश पेपर यांना पर्याय नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावला तर काम लवकर होतं, पण डोळ्यांवर गॉगल हवाच. तुटलेली तार थेट डोळ्यात जाते. खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिन म्हणजे हिरड्यातला तुरट पदार्थ. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई बनवत, त्या शाईत जे संयुग तयार होत असे, तेच इथं गंजावर तयार होतं. तांबूस थर काळा पडतो आणि स्थिर होतो. मात्र पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर हे लावून उपयोग नाही. वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम चालू ठेवतो.

लहान भागांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, कड्या, ब्रॅकेट यांच्यासाठी, एक सुंदर आणि जवळजवळ फुकट पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्यायचं, लिटरमागं एखादा चमचा धुण्याचा सोडा घालायचा. गंजलेला भाग पाण्यात टांगून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा. धन टोकाला साध्या लोखंडाची सळई जोडून ती भागाला न टेकेल अशी बुडवायची. वीज सुरू केली की गंज बनताना जे घडलं त्याच्या उलटं घडू लागतं. भागाला बाहेरून इलेक्ट्रॉन मिळतात, गंज सैल होऊन काळ्या चिखलासारखा सुटतो आणि चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. घासण्यानं चांगला धातूही जातो, इथं तो जात नाही. पद्धतीची मोठी गंमत हीच.

यात काही बंधनं आहेत आणि ती मोडायची नाहीत. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी, जवळ विडी-काडी किंवा ठिणगी नको. सोड्याऐवजी मीठ घालू नये, क्लोरीन तयार होतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. भागांची जागा बदलण्याआधी चार्जर बंद करावा. आणि पाटे, स्प्रिंग किंवा स्टीअरिंगचे कडक बोल्ट या बादलीत घालू नयेत, कारण हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो.

अडकलेल्या बोल्टांचं कारणही तेच, आट्यांमध्ये फुगलेला गंज. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुरू द्यावं. नाहीच सुटला तर नट तापवावा, बोल्ट नव्हे. नट तापून पसरतो, आतला बोल्ट तुलनेनं थंड राहतो, आणि मधली गंजाची पकड तडकते. पान्हा लावून आधी किंचित घट्ट, मग सैल, पुन्हा घट्ट, असं करत काढावं. एका दिशेनं जोर लावत राहिलं की बोल्टचं डोकं हातात येतं आणि मग ड्रिलचा खर्च वाढतो.

आधी थांबणं, मग चालणं

जुनी गाडी हाती आली की पहिली इच्छा इंजिन सुरू करून बघायची होते. ती आवरावी आणि पहिले पैसे ब्रेकवर घालावेत. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक गेले तर ती उभी राहत नाही.

ब्रेकमध्ये पाणी शिरतं ते ब्रेक ऑइलच्या स्वभावामुळं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं झाकण लावलेलं असूनही ओलं होतं, तसं ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी नळ्यांमधून हवेतली ओल शोषत राहतं. नाव ऑइल असलं तरी हे खनिज तेल नाही, ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. डॉट ३ प्रतीचं नवं द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं द्रव १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेली गाडी घाट उतरताना ड्रम तापतात, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल अचानक खोल जातं.

बुडबुड्यानं पेडल का जावं? द्रव दाबलं तरी आकसत नाही. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांच्या व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो, तिथले पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक शू ड्रमवर दाबतात. हवा किंवा वाफ मात्र आकसते. मध्ये बुडबुडा असला की पायाची सगळी हालचाल तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते. म्हणून 'एअर काढणं' इतकं महत्त्वाचं. ते दोघांचं काम आहे. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा निपल सैल करायचा, द्रव बाहेर आलं की निपल घट्ट, मगच पेडल सोडायचं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करतात. आपल्याकडच्या गाड्यांत ते मागचं डावं चाक.

उभ्या गाडीत हे शोषलेलं पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी जमून आत गंज धरतं. पिस्टन जागीच चिकटतो. असा सिलिंडर घासून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण खड्डे पडलेल्या भिंतीवर नवं रबरही टिकत नाही. चारही व्हील सिलिंडर नवे घालावेत आणि रबरी होज बदलावेत. धातूच्या नळ्या जिथं चॅसीला क्लिपनं बांधलेल्या असतात तिथं त्या आतून-बाहेरून तपासाव्यात. या जातीच्या गाडीत हा खर्च परवडणारा आहे आणि तो टाळण्याचं कुठलंही कारण मला पटत नाही. चुकूनही इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक तेल ब्रेकमध्ये घालू नये, सगळी रबरं फुगून निकामी होतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरनं तर नाहीच. जुन्या लायनरांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. पाण्यानं ओलं करून फडक्यानं पुसावं. ते फडकं पिशवीत बंद करून टाकावं.

गाडी उचललेली असताना तिच्याखाली नुसता जॅक ठेवून कधीही शिरू नये. सिमेंटच्या पोकळ विटाही नकोत. त्या वाकत नाहीत, सूचना न देता फुटतात. लोखंडी स्टँडची जोडी या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची खरेदी आहे.

टायरचं वय त्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१४ असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल असली तरी उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं भेगाळलेलं रबर वजनाखाली फाटतं. मालवाहू गाडीत इथं तडजोड नको.

टाकीतलं पाणी, नळीतली हवा

अर्धी रिकामी डिझेलची टाकी दिवसा तापते आणि रात्री गार होते. गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढते, तिच्यातली वाफ टाकीच्या भिंतीवर थेंब होऊन उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळं तळाशी जातं आणि तिथंच राहतं. काही पावसाळे गेले की टाकीच्या तळाला गंज असतो, आणि पाणी व डिझेल जिथं एकमेकांना भेटतात त्या थरावर जिवाणू-बुरशी वाढून बुळबुळीत साय तयार होते. ही साय फिल्टर बंद करते. म्हणून जुनं डिझेल पूर्ण काढून, टाकी उतरवून धुवावी. टाकीला भोक असलं तर तिला घरी वेल्डिंग लावू नये. रिकामी दिसणारी टाकी वाफांनी भरलेली असते आणि ती फुटते.

टाकी बसवून नवा फिल्टर लावला की गाडी सुरू होईल असं वाटतं, पण इंजिन नुसतं फिरत राहतं. कारण आता नळ्यांत हवा आहे. नोझलमधलं छिद्र एका स्प्रिंगनं बंद असतं आणि ते उघडायला वातावरणाच्या शंभर पटींहून जास्त दाब लागतो. पंपाचा एक फटका अगदी थोडं डिझेल ढकलतो. नळी डिझेलनं पूर्ण भरलेली असेल तर तेवढ्यानंही दाब चढतो आणि छिद्र उघडतं. मध्ये हवा असेल तर फटका हवा दाबण्यात संपतो. तत्त्व ब्रेकमधलंच, फक्त दाब कितीतरी मोठा. उपाय असा: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू घट्ट करायचा. नंतर पंपावर हेच. शेवटी नोझलकडचे नट सैल ठेवून सेल्फ मारायचा आणि डिझेल दिसलं की घट्ट करायचे. या टप्प्यात बोट जवळ न्यायचं नाही, दाबाखालची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

पहिला सेल्फ मारण्याआधी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यात दाबतो, हवा पाचशे अंशांपलीकडं तापते आणि त्या तप्त हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. जुन्या प्यूजो बनावटीच्या इंजिनात हे ज्वलन एका छोट्या बाजूच्या कप्प्यात सुरू होतं. त्या कप्प्याच्या गार भिंती हवेची उष्णता ओढून घेतात, म्हणून सकाळी हीटर प्लग आधी तापवावे लागतात. एक-दोन प्लग मेले तरी इंजिन सकाळी धूर ओकत, अडखळत सुरू होतं आणि लोक पंपाला दोष देतात. पंप सोडवण्याआधी प्रत्येक प्लगची वायर काढून मल्टिमीटरनं रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध अगदी थोडा असतो, मेलेल्याचा मंडळच तुटलेलं दाखवतो.

दाब टिकायला पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट टेकाव्या लागतात. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या पिस्टनच्या रिंगा गंजानं भिंतीला चिकटलेल्या असतात. सेल्फचा जोर त्यांना तोडू शकतो. म्हणून नोझल काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडावं, एक-दोन दिवस मुरू द्यावं आणि मग क्रँकच्या पुलीच्या नटाला मोठा पान्हा लावून इंजिन हातानं सावकाश फिरवावं. कुठं अडलं तर जोर करायचा नाही, आणखी तेल, आणखी वाट. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं भरायचं.

शिवाय एक तयारी, जी फार थोडे लोक करतात. बरीच वर्षं न वापरलेल्या पंपातला डिझेलचं माप ठरवणारा भाग पूर्ण उघडा असताना अडकलेला असू शकतो. तसं झालं तर इंजिन सुरू होताच वेग वाढवत सुटतं, आणि किल्ली बंद करून उपयोग होत नाही. डिझेल इंजिनाला त्या क्षणी थांबवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा बंद करणं. एअर फिल्टर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर पूर्ण बसेल अशी सपाट जाड फळी हाताशी घेऊन एकानं उभं राहावं. तळहात लावायचा नाही.

बॅटरी नवी, तरी सेल्फ जड

नवी बॅटरी आणली, तरी सेल्फ कण्हत फिरतो, ही तक्रार नेहमीची. सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर लागतात. समजा २०० अँपिअर वाहत आहेत आणि वाटेत कुठंतरी गंजलेल्या जोडाचा रोध ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका आहे. दोन्हींचा गुणाकार २ व्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टांतले दोन व्होल्ट त्या जोडातच उष्णता होऊन गेले. उरलेल्या दाबावर सेल्फ हळू फिरतो, हळू फिरल्यामुळं हवा पुरेशी तापत नाही आणि इंजिन पेट घेत नाही. बिघाड विजेचा, दिसतो मात्र इंजिनात.

हा जोड बहुतेक वेळा ऋण बाजूला असतो. गाडीत बॅटरीचं ऋण टोक चॅसीला जोडतात, पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबर वीज वाहत नाही. म्हणून इंजिनापासून चॅसीपर्यंत एक जाड विणलेली पट्टी असते, तिला अर्थिंग म्हणतात. तिची दोन्ही टोकं काढून, खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून वर ग्रीस लावावं. मागच्या दिव्यांचा मंदपणा, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट लुकलुकणं, या तक्रारींचं मूळही बहुधा अर्थिंगमध्ये सापडतं. यासाठी खर्च जवळपास शून्य.

पत्रा आणि रंग

भोक पडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारलेली गाडी दिवाळीला देखणी दिसते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा फुगते. लांबी ओल शोषते, आणि मागची बाजू उघडीच असल्यामुळं पाणी मागून येत राहतं. लांबीचं काम उंचसखल भाग सारखा करण्याचं आहे, भोक बुजवण्याचं नाही. सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावा, त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा बसवावा. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं तर तो तापून लाटांसारखा वाकतो. दूरदूर छोटे टाके घालत, मध्ये गार होऊ देत जावं लागतं. हे हात बसल्याशिवाय जमत नाही, त्यामुळं कापणं, घासणं, तुकडा मापात करणं स्वतः करून फक्त वेल्डिंगपुरती डेंटरची मजुरी द्यावी. हौद्याच्या तळाला रिव्हेट मारलेला तुकडाही चालतो, जोडाच्या फटीत सीलंट भरलेलं असेल तर.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण त्यातून ओल आत झिरपते, म्हणून त्यावर वरचा रंग लवकर द्यावा लागतो. चॅसीसाठी आणि हौद्याच्या खालच्या बाजूसाठी जस्ताचा प्रायमर थोडा महाग असला तरी घ्यावा. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं. ओरखडा पडून पाणी लागलं तर आधी जस्त विरघळतं, लोखंड वाचतं.

वरचा रंग घरी द्यायचा तर साधा सिंथेटिक एनॅमल बरा, ब्रशनं किंवा छोट्या रोलरनं दोन-तीन पातळ हात. चकचकीत पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते श्वासावाटे गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाही. तो रंग बूथ असलेल्या पेंटरकडेच द्यावा. रंगाचं काम दिवाळी ते होळी या दिवसांत उरकावं. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल उतरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

रंगापेक्षाही महत्त्वाचं काम शेवटी राहतं आणि बहुतेक जण ते विसरतात. दारांच्या तळाशी, पायरीच्या पोकळीत, चॅसीच्या पेटीत पाणी निघून जायला छिद्रं ठेवलेली असतात. माती आणि लांबीनं ती बुजतात. ती तारेनं मोकळी करावीत आणि पोकळ्यांमध्ये मेणासारखा गंजरोधक फवारावा. गावाकडं यासाठी इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मारायची पद्धत आहे; ती सोडावी. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, रबरं फुगतात, कातडीला ते घातक असतं आणि पावसात ते धुपून विहिरीच्या पाण्यात जातं.

काय स्वतः करायचं, काय करून घ्यायचं

खोलणं, घासणं, धुणं, मोजणं, नोंद ठेवणं आणि पुन्हा बसवणं यांतच दुरुस्तीचे बहुतेक तास जातात आणि गॅरेजमध्ये मजुरी तासांचीच असते. हे सगळं घरी होतं. खोलताना प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि त्या त्या जागचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवावेत. डिझेल पंप आणि नोझल मात्र कॅलिब्रेशनवाल्याकडं द्यावेत. त्यांतले भाग केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी फटीत बसवलेले असतात आणि घरी उघडले की धुळीचा एक कण पुरतो. चॅसीचं वेल्डिंग, ड्रम लेथवर घेणं, पाटे पुन्हा वळवणं हीदेखील बाहेरची कामं.

पहिल्या फेऱ्या रिकाम्या हौद्यानं, सपाट रस्त्यावर, सकाळच्या वेळी घ्याव्यात. थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात न्यावा. एक ड्रम इतरांपेक्षा फार तापला असेल तर तिथला शू सुटत नाही. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण नवा रंग आणि नवे बुश दाबले जाऊन जोड थोडा सैल होतो.

आणि गाडी फारशी लागणार नसेल, तर 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवतो' असं करू नये. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन पुरतं तापलं नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते, आणि सेल्फनं काढलेली वीजही बॅटरीत पुरती परत जात नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदाच काढावी, पण अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी, तापमानाचा काटा वर येऊन स्थिर होईपर्यंत, ब्रेक चार-सहा वेळा नीट वापरून, आणि परत आणून लावताना टाकी भरून.